१७. जेली रोल रेस
अमेरिकेतील क्विल्ट शिवणाऱ्यांमध्ये रूढ असलेल्या या पद्धतीत आयत्या कापलेल्या पट्ट्यांपासून, केवळ सरळ शिवणी घालून, क्विल्टचा वरचा थर तयार केला जातो. ‘जेली रोल’ म्हणजे अडीच इंच रुंद आणि कापडाच्या पन्ह्याइतक्या लांब अशा सुमारे ४० सुती पट्ट्यांची गुंडाळी असून, डॅलस येथील युनायटेड नोशन्स कंपनीच्या ‘मोडा’ या छापामुळे हे नाव प्रचारात आले. पट्ट्या टोकाला टोक जोडून साधारण १६०० इंचांची सलग पट्टी करतात आणि तिच्या एका टोकाचे १८ इंच कापून टाकतात. हा तुकडा न काढल्यास पुढे सांधे एकाखाली एक येऊन रंगांची सरमिसळ साधत नाही. त्यानंतर पट्टी मध्यावर दुमडून तिच्या लांब कडा पाव इंच दाब सोडून शिवतात, घडी कापतात आणि हीच कृती एकूण पाच वेळा करतात, त्यामुळे ओळी दर खेपेस दुप्पट होत ३२ होतात व सुमारे ६४ इंच बाय ५० इंचांचे कापड हाती येते. या पद्धतीबाबत वापरले जाणारे ‘शर्यत’ (रेस) आणि ‘एका दुपारचे काम’ हे शब्द या वरच्या थरापुरतेच खरे मानावेत, कारण आतील कापसाचा थर, अस्तर, तिन्ही थर एकत्र बांधणारी टीप आणि कडेची पट्टी ही खरी वेळखाऊ कामे त्यानंतरच सुरू होतात. जुन्या लुगड्यांचे थर हाताने धावदोरा घालून जोडणाऱ्या मराठी गोधडीशी या पद्धतीचा संबंध नाही.