नाटक नेमकं कोणी केलं?

भोरमध्ये कुणी माझ्या पीएच.डी.चा विषय विचारला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘एम.एस्सी. करून नाटकावर?’ अशा वेळी मी एक नाव घेते, मोहन आगाशे. जन्म भोरचा, 1947 सालचा. पेशाने मनोविकारतज्ज्ञ, आणि तब्बल वीस वर्षं ‘घाशीराम कोतवाल’मधले नाना फडणवीस. मग प्रश्न विचारणारा जरा सैलावतो आणि मला मुद्द्यावर येता येतं.

मुद्दा असा: छोट्या संस्थेत नवं नाटक तयार होतं, तेव्हा ते कोण तयार करतं? पुस्तकाच्या मुखपृष्ठावर एकच नाव असतं. ‘घाशीराम’वर विजय तेंडुलकरांचं आहे, आणि ते योग्यच आहे. पण ती संहिता हातात घेऊन वाचा. नाटकाचा बराच भाग तिथे सापडत नाही.

16 डिसेंबर 1972 रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग झाला. संस्था होती प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे पीडीए, 1951 सालची. विषय पेशवाईतला. घाशीराम सावळदास 1777 पासून पुण्याचा कोतवाल होता. 1791 मध्ये त्याच्या कोठडीत डांबलेले ब्राह्मण गुदमरून मेले, आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं. तेंडुलकरांना इतिहास सांगायचा नव्हता. सत्ता आपल्या सोयीसाठी एक घाशीराम कसा उभा करते आणि काम झालं की त्याला कसं वाऱ्यावर सोडते, हे त्यांना दाखवायचं होतं.

आता रंगमंचावर बघा. नेपथ्य जवळजवळ नाहीच. ब्राह्मणांची एक रांग डोलत, गात उभी आहे. रांग पाठ फिरवते, की भिंत होते. भिंतीआड काहीतरी चाललंय आणि ते आपल्याला दिसत नाही. रांग वळते, की तेच सज्जन पुणेकर पुन्हा आपल्यासमोर. कोकणातल्या ‘खेळे’ या लोकप्रकारातली रांग तेंडुलकरांच्या मनात होती. पण ती किती हलावी, कोणत्या तालावर वळावी, अभंग कुठे संपावा आणि लावणी कुठे सुरू व्हावी, हे ठरलं तालमीत. दिग्दर्शक जब्बार पटेल, म्हणजे दौंडला दवाखाना चालवणारे बालरोगतज्ज्ञ. संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. आणि रांगेतली पोरं तर बहुतेक दिवसा शिकणारी किंवा नोकरी करणारी.

प्रयोगशाळेत आम्हाला एक शिस्त लावलेली असते. काय केलं, किती वेळ केलं, फसलं तर कसं फसलं, सगळं वहीत लिहायचं. म्हणजे दुसऱ्या कुणालाही तो प्रयोग पुन्हा करता येतो. तालमीची अशी वही सहसा नसते. ती ज्ञानं माणसांच्या अंगात राहतात.

हे किती खरं आहे, ते तीनच महिन्यांत दिसलं. नाटक ब्राह्मणविरोधी आहे, नानांची बदनामी करतं, असा गदारोळ उठला आणि एकोणीस प्रयोगांनंतर पीडीएने नाटक थांबवलं. संस्थेकडे नाव होतं, परंपरा होती. कलाकारांकडे काय होतं? त्यांच्या अंगात बसलेलं नाटक. ते बाहेर पडले आणि 27 मार्च 1973 रोजी त्यांनी थिएटर अकॅडमी स्थापन केली. जानेवारी 1974 मध्ये ‘घाशीराम’ पुन्हा उभं राहिलं, 1980 मध्ये युरोपात गेलं आणि 1992 पर्यंत चाललं. नाटक कोणाचं, या प्रश्नाचं हे मला सापडलेलं सगळ्यात ठोस उत्तर आहे. ती माणसं निघाली तेव्हा नाटकही त्यांच्याबरोबर निघालं.

पुढची गोष्ट कमी बोलली जाते. या मंडळींमध्येच सतीश आळेकर होते, जीवरसायनशास्त्राचे एम.एस्सी. (हो, मला इथे जरा बरं वाटतं.) त्यांचं ‘महानिर्वाण’ 1974 मध्येच थिएटर अकॅडमीने केलं. त्यात मेलेला माणूस स्वतःच कीर्तन करतो. 1985 पासून अकॅडमीने फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने नाटककारांसाठी आणि पुण्याबाहेरच्या नाट्यसंस्थांसाठी योजना चालवल्या. नवं नाटक घरी एकट्याने बसून पूर्ण होत नाही, त्याला तालमीची जागा, वेळ आणि सोबत लागते, हा धडा 1972 च्या त्या रांगेतूनच आला असावा, असा माझा कयास आहे.

आता माझी अडचण. पुण्याच्या गाजलेल्या नाटकाबद्दल निदान परीक्षणं, मुलाखती, आठवणी आहेत. भोर-वेल्ह्यातल्या गावांत जत्रेला, गणपतीत, शाळेच्या गॅदरिंगला बसवलेल्या नाटकांचं काय? तिथेही कुणीतरी पदं बदलली असतील, नट आला नाही म्हणून पात्र कापलं असेल, कुणाच्या तरी आजीच्या ओवीवरून एखादा प्रवेश सुचला असेल. त्याचा पुरावा असलाच तर एकाच ठिकाणी असतो, प्रॉम्प्टरच्या वहीत. खाडाखोड केलेली, तेलाचे डाग पडलेली, दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जाणारी वही.

तेव्हा एक विनंती. घरात अशी वही असेल तर टाकू नका. वर नाटकाचं नाव, साल आणि कोणी कोणतं काम केलं ते लिहून ठेवा. फोनवर पानांचे फोटो काढलेत तरी पुष्कळ झालं. नाहीतर पन्नास वर्षांनी माझ्यासारखी कुणीतरी विचारेल, ‘इथे नाटकं होत होती का हो?’ आणि सांगायला कुणीच नसेल.