परळची प्रयोगशाळा आणि रायपूरचा रुग्ण

आज रायपुरातून बोलतोय, म्हणून विषयही इथल्या घराघरांत निघणारा घेतलाय. कॅन्सर म्हटलं की आमच्याकडे पुढचा प्रश्न ठरलेला : ‘टाटाला नेलं का?’ मेकाहारात, एम्समध्ये, नव्या रायपुरातल्या बाल्कोमध्ये उपचार होतात. तरी केस अवघड झाली की मुंबई मेलचं तिकीट निघतंच.

पण टाटाला नेमकं काय घडलं, हे फारसं कुणी सांगत नाही. 1952 साली परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झालं. प्रमुख होते डॉ. वसंत खानोलकर. त्यांच्या हाताखाली पुण्याच्या कमल रणदिवे. कमलताई अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे राहून आल्या होत्या. हे तेच गाय, ज्यांनी 1951 मध्ये शरीराबाहेर अखंड वाढणाऱ्या हेला पेशी जगाला दिल्या. परत येऊन कमलताईंनी पेशी बाटलीत वाढवायची देशातली पहिली प्रयोगशाळा परळला उभारली. 1982 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, पण शाळेच्या पुस्तकात हे नाव मला कधी भेटलं नाही. असो.

ती संस्था पुढे टाटा मेमोरियल सेंटरमध्ये आली आणि 2002 मध्ये खारघरला गेली. आज तिला अ‍ॅक्ट्रेक म्हणतात. तिथेच जून 2021 मध्ये देशातली पहिली कार-टी सेल थेरपी दिली गेली. ही थेरपी आयआयटी मुंबईत डॉ. राहुल पुरवार यांच्या गटाने टाटाच्या डॉक्टरांसोबत घडवली. ऑक्टोबर 2023 मध्ये नेक्सकार-19 या नावाने तिला मंजुरी मिळाली.

पद्धत अशी : रुग्णाच्या रक्तातून टी पेशी काढायच्या, म्हणजे प्रतिकारशक्तीचे शिपाई. निकामी केलेल्या विषाणूच्या पाठीवरून त्यांच्यात नवा जनुक घालायचा, म्हणजे त्या कॅन्सरची पेशी ओळखतात. मग त्या बाटलीत वाढवायच्या आणि परत शिरेतून सोडायच्या. बाटलीत वाढवायच्या! कमलताईंचीच विद्या. सध्या हा उपचार काही रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या कॅन्सरवर चालतो, सगळ्यांवर नाही.

परदेशात याला 3-4 कोटी लागतात. आपल्याकडे 40 लाखांच्या आसपास. स्वस्त झालं म्हणतात, आणि खरंच झालं. पण रायपुरात 40 लाख म्हणजे घर विकणं, आणि वर मुंबईतला मुक्काम वेगळा. प्रत्येक रुग्णासाठी औषधाचा वेगळा घाणा काढायचा, तर ते महागच पडणार.

इथे नॅनोकण येतात. कोविडच्या एमआरएनए लसी आठवा. संदेश बसवला होता स्निग्ध पदार्थाच्या थेंबात, सुमारे 100 नॅनोमीटरच्या. केस त्याच्या जवळजवळ हजारपट जाड. अशाच थेंबावर टी पेशीचा पत्ता लावला, तर पेशी बाहेर काढायलाच नकोत. इंजेक्शन द्यायचं, थेंब पेशीपर्यंत जातो, पेशी शरीरातच तयार होते. 2022 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने हे उंदरांत करून दाखवलं. आजार मात्र हृदयाचा होता. माणसांवरच्या पहिल्या चाचण्या आता सुरू झाल्या आहेत. थेंब यकृतात अडकतात, संदेश काही दिवसांत विरतो. म्हणजे डोस पुन्हा द्यावा लागेल.

तरी मला यात रस आहे तो बाटलीसाठी. सगळ्यांना पुरेल असं एकच औषध कुपीत भरता आलं, तर ते मेकाहाराच्या फ्रिजमध्येही राहू शकेल. पुण्याच्या जेनोव्हाची एमआरएनए लस, 2022 मध्ये मंजूर झालेली, 2 ते 8 अंशांवर टिकत होतीच की.