पाळी चुकली? गरोदरपणाची सुरुवातीची लक्षणं ओळखा, दिवस मोजा, नोंदणी करा

दिवस गेल्याचं अनेक घरांत उशिरा लक्षात येतं. पाळी पुढं गेली तर ‘अशक्तपणा असेल’, उलटी झाली तर ‘पित्त झालं’ म्हणून दोन-दोन महिने निघून जातात. बाळाचे मुख्य अवयव मात्र याच काळात, पहिल्या बारा आठवड्यांत तयार होत असतात. त्यामुळं सुरुवातीची लक्षणं माहीत असणं गरजेचं आहे.

लक्षणं कोणती?

पाळी नियमित असेल तर ती चुकणं ही पहिली ठळक खूण. त्यासोबत पुढील बदल दिसू शकतात :

- छाती जड वाटणं, हात लागला तरी दुखणं
- मळमळ, कोरड्या उलट्या. हा त्रास बहुधा सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होतो आणि फक्त सकाळीच होतो असं नाही
- काम न करताही थकवा, दिवसा झोप येणं
- वारंवार लघवीला जावं लागणं
- फोडणीचा, चहाचा वास नकोसा होणं, तोंडाची चव बदलणं

काहींना पाळीच्या तारखेच्या आसपास एक-दोन दिवस हलका डाग दिसतो. ‘पाळी येऊन गेली’ असं समजून अनेकजणी इथंच फसतात. नेहमीपेक्षा रक्तस्राव खूपच कमी असेल तर तपासणी करावी.

थायरॉइड, पीसीओएस, ताण किंवा वजनातील बदल यामुळंही पाळी पुढं जाते. म्हणून नुसत्या लक्षणांवरून ठरवू नये.

अंगावर पाजत असताना

‘बाळ अंगावर पितंय, दिवस कसे जातील?’ हा मोठा गैरसमज. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, रात्रंदिवस फक्त आईच्या दुधावर आणि पाळी परत सुरू झालेली नाही, या तिन्ही गोष्टी असतील तरच ही शक्यता कमी असते. एरवी पाळी सुरू होण्याआधीही दिवस जाऊ शकतात.

घरच्या घरी तपासणी

मेडिकलमध्ये मिळणाऱ्या किटवर लघवीतील एचसीजी हार्मोन तपासलं जातं. आशा कार्यकर्तीकडंही ‘निश्चय’ किट मिळतं. पाळी चुकल्यानंतर सकाळची पहिली लघवी वापरावी आणि पाकिटावर दिलेल्या वेळेतच निकाल पाहावा. दोन रेघा आल्या, दुसरी फिकट असली तरी, गर्भ असण्याची शक्यता धरून डॉक्टरांकडं जावं. ‘सी’जवळची रेघच आली नाही तर किट खराब समजावं. निकाल नाही आला आणि पाळीही आली नाही, तर आठवड्यानं पुन्हा तपासावं.

दिवस कुठून मोजायचे?

डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्या तारखेत सात दिवस आणि नऊ महिने मिळवले की प्रसूतीची अंदाजे तारीख येते. १० जानेवारीची पाळी असेल तर १७ ऑक्टोबर.

या हिशेबात गर्भ राहण्याआधीचे साधारण दोन आठवडेही धरलेले असतात. लग्नाला सहा आठवडे झाले आणि रिपोर्टमध्ये आठ आठवडे लिहून आले, तर त्यात संशय घेण्यासारखं काही नाही. हे सासरच्या मंडळींनी नीट समजून घ्यावं. पाळीची तारीख कालनिर्णयवर लिहून ठेवण्याची सवय इथं कामाला येते.

लगेच काय करायचं?

बारा आठवड्यांच्या आत नोंदणी करावी. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानं सुरू करावी. एक्स-रे किंवा कोणतंही औषध घेण्याआधी पाळी चुकल्याचं सांगावं. बीपी, शुगर, फिटची गोळी चालू असेल तर ती मनानं बंद करू नये. गर्भ नको असल्यास मेडिकलमधून गोळ्या आणून घरी प्रयोग करू नयेत. कायदेशीर गर्भपाताची सोय मान्यताप्राप्त दवाखान्यात आहे. गर्भलिंग तपासणी मात्र गुन्हा आहे.

सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर महिलांची मोफत तपासणी होते. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात, त्यालाही नोंदणी लागते.

सासर कोल्हापूर-सांगलीकडं आणि बाळंतपण बेळगाव-खानापूरला माहेरी, हे सीमाभागात नेहमीचं. नोंदणी जिथं झाली तिथलं माता-बाल कार्ड (कर्नाटकात ‘तायी कार्ड’), रक्तगट व सोनोग्राफीचे रिपोर्ट सोबत आणावेत. ऐनवेळी डॉक्टरांना मागचं काहीच माहीत नसेल तर धोका वाढतो.

थांबू नका

ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ, खांदा दुखणं, चक्कर येऊन पडणं, रक्तस्राव : गर्भ नळीत राहिला असल्यास अशी लक्षणं दिसतात आणि त्यात जिवाला धोका असतो. पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी कमी व गडद होत असेल तरी दवाखाना गाठावा. कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा, तिन्हीकडं रुग्णवाहिकेसाठी १०८ हाच क्रमांक आहे.