‘पुनरुत्थान’ कादंबरीमागील खटला

रशियन भाषेत पुनरुत्थान आणि रविवार या दोहोंसाठी जवळजवळ एकच शब्द आहे, ‘वस्क्रेसेनिये’. आपणही रविवारला प्रभुवार म्हणतो, ते त्याच पहाटेच्या स्मरणाने. लिओ टॉलस्टॉय यांनी आपल्या अखेरच्या मोठ्या कादंबरीला हेच नाव दिले. तथापि या कादंबरीचे बीज मंदिरात रुजले नाही. ते रुजले फौजदारी न्यायालयात.

१८६४ च्या न्यायसुधारणांनी रशियात ज्यूरीची पद्धत आली आणि सरदार घराण्यांतील माणसे सामान्य आरोपींचा न्याय करायला बसू लागली. पुढील दशकात अनातोली कोनी हे सेंट पीटर्सबर्गच्या जिल्हा न्यायालयात सरकारी वकील होते. एके दिवशी एक सुशिक्षित, खानदानी तरुण त्यांच्याकडे तक्रार घेऊन आला. तुरुंगातील एका स्त्रीला त्याने लिहिलेले बंद पत्र उघडून वाचल्याखेरीज पोहोचवायला अधिकारी तयार नव्हते. ती स्त्री म्हणजे रोझालिया ओन्नी. जातीने फिनिश, हलक्या वस्तीतील वेश्या, दारूच्या नशेतील एका गिऱ्हाइकाचे १०० रूबल चोरल्याबद्दल चार महिन्यांची शिक्षा भोगणारी. आणि या तरुणाला तिच्याशी लग्न करावयाचे होते!

कोनींनी त्याला परोपरीने समजावले. मदतच करावयाची असेल तर दुसरे मार्ग आहेत, या विवाहात दोघांचेही सुख नाही, असे सांगून पाहिले. तरुण ऐकेना. एवढ्यात उपवासकाळ सुरू झाला. त्या काळात विवाह लागत नसत, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. विवाह पुढे गेला आणि उपवासकाळ संपत आला असता रोझालिया तुरुंगातच टायफस तापाने वारली.

खरी हकिगत कोनींना नंतर कळली, तीही महिला तुरुंगाच्या देखरेख करणाऱ्या बाईंकडून. रोझालियाचा बाप एका श्रीमंत बाईचे कूळ होता. तो मरणपंथाला लागला तेव्हा बाईंनी मुलीला आपल्या घरी आणले. आरंभी तिचे कौतुक झाले, पुढे तिची रवानगी मोलकरणींच्या खोलीत झाली. ती सोळा वर्षांची असता बाईंचा एक तरुण नातलग पाहुणा म्हणून आला आणि त्याने तिला नादी लावले. दिवस गेल्याचे उघडकीस येताच बाईंनी तिला हाकलून दिले. मूल अनाथालयात गेले. ती पायरी-पायरीने खाली घसरत त्या वस्तीत पोहोचली. तिच्या चोरीच्या खटल्यात जे ज्यूरी बसले त्यांत तो नातलग होता. त्याने तिला ओळखले होते.

जून १८८७ मध्ये कोनींनी ही हकिगत यास्नाया पोल्याना येथे टॉलस्टॉयना ऐकवली. टॉलस्टॉय अस्वस्थ झाले. आधी त्यांनी कोनींनाच ती लिहिण्याचा आग्रह केला, पुढे स्वतःसाठी मागून घेतली. १८८९ च्या अखेरीस लेखन सुरू झाले आणि पूर्ण व्हावयास दहा वर्षे लागली. ‘युद्ध आणि शांती’ लिहिणाऱ्या लेखणीला एवढा वेळ का लागावा?

कारण आरोपीच्या पिंजऱ्यात तेही उभे होते. तरुणपणी गाशा नावाच्या मोलकरणीशी केलेले वर्तन त्यांना म्हातारपणीही छळीत असे. आपल्या चरित्रकाराला, बिर्युकोव यांना, त्यांनी सांगितले की ती निष्पाप होती, आपण तिला भ्रष्ट केले, तिला घालवून देण्यात आले आणि तिचा नाश झाला. त्यांच्या पत्नीच्या १८९८ च्या दैनंदिनीत मात्र निराळी नोंद आहे. बहिणीच्या घरची हीच ती गाशा, असे टॉलस्टॉयनीच पत्नीला दाखवले होते. ती तेव्हा सत्तरीला टेकलेली म्हातारी होती. नवऱ्याने तो प्रसंग एवढ्या तपशिलाने रंगवावा याचा सोफिया यांना संताप येई. तो मला अगदीच गैरवाजवी वाटत नाही.

कादंबरीत राजपुत्र नेख्ल्युदोव ज्यूरीत बसतो. समोर कात्युशा मास्लोवा, एका व्यापाऱ्याला विष घातल्याचा तिच्यावर आरोप. ठार मारण्याचा हेतू नव्हता, एवढी पुस्ती निवाड्याला जोडायला ज्यूरी विसरतात आणि तिला सैबेरियात चार वर्षे सक्तमजुरी होते. येथे टॉलस्टॉयनी एक बदल केला आहे. मूळ खटल्यात १०० रूबल चोरीचे होते. कादंबरीत ते नेख्ल्युदोवने त्या रात्रीनंतर कात्युशाच्या हाती कोंबलेले आहेत. रकमेचा आकडा तोच, चोर मात्र बदलला. दस्तयेवस्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’मधील रास्कोल्निकोवला पोलीस शोधीत असतात, नेख्ल्युदोवच्या अपराधाला दंडसंहितेत कलमच नाही.

नेख्ल्युदोव क्षमा मागतो, लग्नाचे वचन देतो. स्वतःच्या या औदार्याने त्याचे डोळेही पाणावतात! कात्युशा त्याला जे सुनावते ते कादंबरीचे मर्म आहे: या लोकी माझ्यापासून सुख घेतलेस, आता परलोकासाठीही माझाच वापर करू पाहतोस. पापनिवेदनाच्या वेळी मनोमन स्वतःची पाठ थोपटणाऱ्या प्रत्येकाला हे बोल झोंबावेत. पहिल्या खर्ड्यांत दोघांचे लग्न लागत होते. १८९५ मध्ये टॉलस्टॉयना जाणवले की कथेचा आरंभ तिच्यापासून व्हावयास हवा. १८९८ मध्ये त्यांनी लग्न रद्द केले. कात्युशा सिमॉन्सन या राजकीय कैद्याबरोबर राहण्याचे ठरवते. नेख्ल्युदोववर तिचे प्रेम आहे, म्हणूनच ती त्याला मोकळे करते. प्रायश्चित्त करावयास निघालेल्याला शेवटी ज्याच्यावर अन्याय केला त्याच्याच हातून दान घ्यावे लागते.

१८९९ मध्ये ‘निवा’ साप्ताहिकात ती क्रमशः आली, लिओनिद पास्तरनाक यांच्या चित्रांसह. मिळालेला पैसा दुखोबोर पंथीयांसाठी होता. १८९५ मध्ये या लोकांनी आपली शस्त्रे जाळून सैन्यात जाण्याचे नाकारले होते. त्यांतील सुमारे साडेसात हजार माणसे १८९९ मध्ये कॅनडात गेली.

तुरुंगातील उपासनेची टॉलस्टॉयनी केलेली टवाळी सेन्सॉरने कापली. संपूर्ण मजकूर इंग्लंडमध्ये छापावा लागला. फेब्रुवारी १९०१ मध्ये रशियन धर्मपीठाने ते आता ख्रिस्तसभेचे सदस्य नाहीत असे जाहीर केले. त्या टवाळीचे समर्थन मी करणार नाही. प्रभूचे पुनरुत्थान ते मानीत नसत, मानवी सद्सद्विवेकाचे तेवढे मानीत. तरीही या कादंबरीतील सर्वांत उजळ पाने ईस्टरच्या रात्रीची आहेत. गर्दीने भरलेले खेडेगावचे मंदिर, मेणबत्त्या, आणि विद्रूप चेहऱ्याच्या भिकाऱ्याला सणाचे चुंबन देणारी, अजून निष्कलंक असलेली कात्युशा. ज्या उपासनेवर पुढे लेखणी परजली, तिचीच ही पाने आहेत.

मूळ कथेतील तो तरुण रोझालियाच्या मृत्यूनंतर पीटर्सबर्ग सोडून गेला. काही वर्षांनी रशियाच्या अंतर्भागातील एका प्रांताच्या उपराज्यपालाची नेमणूक जाहीर झाली, त्या हुकुमात कोनींना तेच आडनाव आढळले. हा तोच असेल का, असा प्रश्न त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवला आहे.