‘हे खरे आहे काय?’ : सभागृहातील प्रश्न आणि मंत्र्यांच्या सुविधा

शासनाच्या एखाद्या व्यवहाराचा जाब विचारायचा असेल, तर मुर्धा गावच्या रहिवाशाला आधी दार कोणते हे ठरवावे लागते. भाईंदर पश्चिमेच्या या गावातील गटार-दिवाबत्तीचा विषय २००२ साली स्थापन झालेल्या मीरा-भाईंदर महापालिकेचा. मेट्रो-९ ची कारशेड राई-मुर्धा-मोर्वा परिसरात प्रस्तावित होती आणि ग्रामस्थांच्या विरोधानंतर ती डोंगरीकडे नेण्याचे ठरले. हा विषय राज्याच्या नगरविकास खात्याचा, म्हणजे विधिमंडळाचा. केंद्राच्या ताब्यातील मिठागरांचा किंवा पश्चिम रेल्वेचा प्रश्न मात्र संसदेतच विचारावा लागतो. ज्या विषयाशी शासनाचा मुख्यत्वे संबंध नाही, त्यावरील प्रश्न स्वीकारलाच जात नाही.

लोकसभेच्या बैठकीचा पहिला तास प्रश्नांचा असतो. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. एका दिवसाच्या यादीत असे २० प्रश्न असतात. अतारांकित प्रश्नाला केवळ लेखी उत्तर मिळते. खरी कसोटी उपप्रश्नाची. छापील उत्तर खात्यातील अधिकारी तयार करतात, उपप्रश्नाला मात्र मंत्र्यांना स्वतःच उभे राहावे लागते.

महाराष्ट्र विधिमंडळातील प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास, कोणती कार्यवाही केली’, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. उत्तरेही तितकीच ठरावीक: ‘हे अंशतः खरे आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. पहिल्या भागात तारीख, ठिकाण वा रक्कम यांत किंचित चूक राहिली, की ‘हे खरे नाही’ असे सांगून पुढील सारे भाग निकाली काढता येतात. म्हणूनच मुरलेले सदस्य प्रश्नाच्या शब्दरचनेवर विशेष मेहनत घेतात.

अशा टाळाटाळीतून केवढे प्रकरण उभे राहू शकते, हे मुंदडा प्रकरणाने दाखविले. आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर खरेदी केले होते. १९५७ साली लोकसभेत त्याविषयी प्रश्न आला, तेव्हा अर्थखात्याने सरळ उत्तर दिले नाही. डिसेंबरमध्ये सत्ताधारी पक्षाचेच खासदार फिरोज गांधी यांनी हा व्यवहार चव्हाट्यावर आणला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या एकसदस्य आयोगाने मुंबईत उघड सुनावणी घेतली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

मंत्र्यांच्या सुविधांबाबतचे प्रश्न रकमेने लहान, पण सभागृहात अधिक अवघड ठरतात. केंद्रीय मंत्र्यांचे वेतन व भत्ते घटनेच्या कलम ७५ नुसार संसद, तर राज्यातील मंत्र्यांचे कलम १६४ नुसार विधिमंडळ कायद्याने ठरविते. केंद्राचा यासंबंधीचा कायदा १९५२ चा आहे. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांच्या संख्येवर विधानसभेच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली. २८८ सदस्यांच्या महाराष्ट्रात ती ४३ होते. खर्चाचा हिशेब मात्र एका ठिकाणी सापडत नाही. बंगल्याची डागडुजी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, तर पाणीपट्टी मुंबई महापालिकेच्या दप्तरी. त्यामुळे एका बंगल्याच्या खर्चासाठी दोन-तीन दारे ठोठवावी लागतात. व्यक्तीच्या खासगी वर्तनाविषयी प्रश्न विचारण्यास नियमांची मनाई आहे; सार्वजनिक पैशाचा विनियोग त्या मनाईत येत नाही, हे काही मंत्र्यांना सोयीस्कररीत्या विसरायला होते.

प्रश्नाचे हे शस्त्र विकलेही गेले आहे. मुंबईचे खासदार एच. जी. मुदगल यांनी सराफ संघटनेकडून मोबदला घेऊन प्रश्न विचारल्याचे १९५१ साली चौकशीत सिद्ध झाले. त्या चौकशी समितीचे अध्यक्ष होते कृष्णम्माचारीच! डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल ११ खासदार बडतर्फ झाले. जळगावचे वाय. जी. महाजन आणि एरंडोलचे अण्णासाहेब एम. के. पाटील हे त्यांपैकी दोघे महाराष्ट्राचे.

जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असे परंतुक २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्ये होते. खासगी माहितीचे कारण पुढे करणाऱ्या कार्यालयांना त्याने लगाम होता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने हे परंतुक वगळले आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आला. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची तरतूद त्याच कलमात अद्याप आहे. मात्र ते जनहित अधिकाऱ्याला पटवून देण्याचा भार आता अर्जदारावर येतो. तेथे नकार मिळालेला मुर्ध्याचा नागरिक तोच प्रश्न आपल्या आमदारामार्फत किंवा खासदारामार्फत सभागृहात पाठवू शकतो.