इच्छामरण आणि दयामरण : दोन शब्दांमधलं अंतर

इच्छामरण आणि दयामरण हे शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो. पण पहिल्यात निर्णय मरणाऱ्याचा असतो, दुसऱ्यात बहुधा इतरांचा. महाराष्ट्रातल्या दोन खटल्यांत हाच फरक कळीचा ठरला.

पहिला खटला मारुती दुबळ यांचा. मुंबई पोलिसातला हा शिपाई अपघातात डोक्याला मार लागल्यावर मानसिक आजारी झाला होता. बायकोला भाजीच्या दुकानाचा परवाना मिळावा म्हणून १९८५ साली ते महापालिका आयुक्तांना भेटायला गेले. भेट नाकारल्यावर कार्यालयाबाहेरच त्यांनी स्वतःला पेटवून घ्यायचा प्रयत्न केला. वाचले, आणि आत्महत्येच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयात न्या. पी. बी. सावंत (ज्यांचं निधन २०२१ साली पुण्यात झालं) आणि न्या. कोळसे-पाटील यांनी भारतीय दंड संहितेचं कलम ३०९च घटनाबाह्य ठरवलं. बोलण्याच्या स्वातंत्र्यात गप्प राहण्याचं स्वातंत्र्य येतं, तसंच जगण्याच्या हक्कात न जगण्याचाही हक्क येतो, असा युक्तिवाद त्यामागे होता. मात्र त्याच निकालात दयामरण हा मनुष्यवधच, असंही बजावलं होतं. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 'न जगण्याचा हक्क' अमान्य केला.

दुसरा खटला अरुणा शानबाग यांचा. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी केईएम रुग्णालयात झालेल्या हल्ल्यानंतर ही परिचारिका कायमची अंथरुणाला खिळली. अन्न देणं थांबवावं, ही मागणी लेखिका पिंकी विराणी यांनी न्यायालयात केली. रुग्णालयातल्या परिचारिकांचा तिला विरोध होता. इतक्या वर्षांत त्यांनी अरुणाला एकही शय्याव्रण होऊ दिला नव्हता. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अरुणाच्या वतीनं बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला आणि विराणींची मागणी फेटाळली. उच्च न्यायालयाच्या परवानगीनं उपचार थांबवण्याची वाट मात्र त्याच निकालानं उघडली. अरुणा १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियानं गेल्या. त्यांची स्वतःची इच्छा कधी कळलीच नाही.

ही उणीव ९ मार्च २०१८ च्या निकालानं काही अंशी भरून काढली. शुद्धीत असतानाच 'कृत्रिम उपचारांवर मला जगवू नका' असं लिहून ठेवता येऊ लागलं. २०२३ साली न्यायदंडाधिकाऱ्याच्या सहीची अटही गेली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. मात्र हा हक्क फक्त नकाराचा आहे. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसानं पूर्ण शुद्धीत मागितलं, तरी डॉक्टरला मरणाचं इंजेक्शन देता येत नाही.

ते देता यावं का? तत्त्वतः मला 'हो' म्हणावंसं वाटतं. पण दुबळ यांच्या खटल्याची सुरुवात झाली त्याच १९८५ साली अमली पदार्थविरोधी कायदा आला आणि परवान्यांच्या जाचापायी मरणासन्न रुग्णांना वेदनाशामक मॉर्फिन मिळणं दुरापास्त झालं. दुरुस्तीला २०१४ उजाडलं. दुखणं थांबवण्याची सोय नाही, आणि उपचारांसाठी जमीन विकायची वेळ आलेली. अशा घरातला म्हातारा 'मला सोडवा' म्हणतो, तेव्हा त्याला इच्छा म्हणायचं का? मारुती दुबळ यांनाही मुळात मरण नको होतं. त्यांना परवाना हवा होता.