विद्यार्थी-संशोधन, शालेय

शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्याने एखादा प्रश्न स्वतः हाताळून विज्ञान शिकण्याची पद्धत. पाठ्यपुस्तकातील प्रयोगाचा निष्कर्ष आधीच ठाऊक असतो. येथे मापन, त्यातील त्रुटी व अनुमान यांची जबाबदारी विद्यार्थ्यावर असते.

महाराष्ट्रात या विचाराला संस्थात्मक आधार प्रामुख्याने १९७० नंतर लाभला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले व संशोधन-संस्थेचे लक्ष शालेय विज्ञानाकडे वळविले. पुणे येथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आयुका (आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र) या संस्थेत संस्थापक-संचालक जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या कारकीर्दीत उन्हाळी सुटीतील उपक्रम सुरू झाला. पुण्यातील शाळांचे आठवी-नववीचे विद्यार्थी लहान गटांनी आठवडाभर एकेका संशोधकाकडे काम करीत. ठरीव अभ्यासक्रम नव्हता. गट व मार्गदर्शक आपले काम स्वतः आखीत आणि अखेरीस विद्यार्थी अहवाल लिहीत. मार्गदर्शकाचा वेळ हेच या पद्धतीचे मुख्य भांडवल असल्याने तिचा लाभ बव्हंशी मोठ्या शहरांपुरता राहिला. १९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेने १० ते १७ वर्षांच्या मुलांचे स्थानिक प्रश्नांवरील प्रकल्प जिल्हापातळीपर्यंत नेले. तेथे मार्गदर्शक बहुधा शाळेतील शिक्षकच असे.

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आलेल्या हिंगोली जिल्ह्याच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. ज्योतिर्लिंगासाठी प्रसिद्ध असलेल्या औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय तरंगांची वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०१६ मध्ये तत्त्वतः संमती दिली व २०२३ मध्ये सु. २,६०० कोटी रु. खर्च मंजूर केला. आयुका ही तिच्या सहभागी संस्थांपैकी एक होय. परस्परांशी काटकोनात असलेल्या, प्रत्येकी ४ किमी. लांबीच्या दोन भुजांतून लेसर किरण पाठवून भुजांच्या लांबीतील अतिसूक्ष्म फरक ओळखणे, हे तिचे कार्य. त्यामागील प्रकाशाच्या व्यतिकरणाचे तत्त्व लहान लेसर, आरसे व किरण दुभागणारी काच यांच्या साहाय्याने टेबलावरही पडताळता येते. वेधशाळेमुळे जिल्ह्यातील शाळांना शास्त्रज्ञांचे सान्निध्य लाभण्याची शक्यता निर्माण झाली आहे; परंतु केवळ सान्निध्याने मार्गदर्शन घडत नाही. आयुकातील उपक्रमाप्रमाणे संशोधकांचा वेळ विद्यार्थ्यांसाठी नियमाने राखून ठेवला गेला, तरच प्रगत विज्ञानाचे हे केंद्र ग्रामीण विद्यार्थ्याला दुरून पाहण्याची वास्तू न राहता शिकण्याची जागा होऊ शकेल.